जुनी थार घ्यायची तर आधी खाली वाकून बघा

पक्याला २०१४ ची थार घ्यायचीय. सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनाची), फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी. मोबाईलवरचे फोटो एकदम झकास: उचललेली गाडी, मोठे मड टायर, पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), टपावर दिव्यांची रांग. मालक म्हणतो, "नुसतं सामानच दीड-दोन लाखांचं आहे." कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर यावरून जे पेटलं ते टपरीवाल्याने शटर ओढलं तरी विझेना. बोलणं कामाचं झालं म्हणून लिहून काढतोय. थार, जिप्सी असली जुनी गाडी बघत असाल तर पैसे द्यायच्या आधी वाचा.

विन्या पक्याच्या बाजूने. "तयार गाडी मिळतेय तर घे की. साधी गाडी घेऊन हे सगळं लावायला गेलास तर किती जातील माहितीय?"

मी तिथेच आडवा गेलो. ज्याने एवढं सामान लावलं त्याने गाडी दगडधोंड्यात घातलेली असणारच. सामानाचे पैसे आपण मोजायचे आणि गाडीने खाल्लेला मार फुकट पदरात घ्यायचा, हा कुठला व्यवहार? त्यापेक्षा एखाद्या शेतकऱ्याने मळ्यात-गावात फिरवलेली, काहीही न लावलेली गाडी शोध, असं माझं म्हणणं होतं आणि अजूनही आहे.

अप्पा तोवर गप्प होते. त्यांचं गॅरेज आहे आणि जुन्या जीपगाड्यांवर त्यांचा हात बसलेला आहे. त्यांनी पक्याला एवढंच विचारलं, "गाडी उचललीय कशी?"

"लिफ्ट केलाय म्हणाला."

"तो काय म्हणाला ते राहू दे. सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार असतो, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी. बरेच जण किट वगैरे काही घालत नाहीत, त्या बारचे बोल्ट आवळून नाक वर करतात. मग चाकाकडे जाणारे ॲक्सल तिरके होतात, रबरी बूट फाटतात आणि आत माती जाते. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळव आणि हळू फिरव. टक टक टक आलं की जॉइंट गेला. मागे पाट्यांना (लीफ स्प्रिंगला) लांब शॅकल, म्हणजे पाट्या टांगायच्या लोखंडी पट्ट्या, लावून उचललं असेल तर साठ-सत्तरच्या वेगाला खालून थरथर येते का बघ. चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा कोन बिघडला की त्याचा क्रॉस (टोकाचा सांधा) फार दिवस टिकत नाही."

टायरवरून पुन्हा जुंपली. विन्या म्हणाला, टायर तर नव्यासारखे दिसतायत. मी फोटो मोठा करून दाखवला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. १८१७ म्हणजे २०१७ सालचा अठरावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर केव्हाच कडक झालेलं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. थारचा मूळ टायर २३५/७० आर १६. त्याजागी २४५/७५ आर १६ घातला की चाकाचा घेर पाच टक्क्यांनी वाढतो. म्हणजे मीटरवर ६०,००० दिसत असतील तर, टायर पहिल्यापासून याच मापाचे असल्यास, गाडी खरी ६३,००० फिरलेली. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर आणखी वाईट, कारण फोर व्हीलमध्ये त्याचा सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीवर) येतो.

"हे सगळं बदलता येतं की!" विन्या चिडला. "जॉइंट नवा टाका, टायर नवे टाका."

इथे अप्पांनी त्याची बाजू घेतली. बदलता येणाऱ्या पार्टचं त्यांना भय नाही, त्याचे पैसे किमतीतून कापून घेता येतात. त्यांना भीती चॅसीची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची. "गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय एक रुपया इसार देऊ नकोस. खाली ताजा काळा रंग मारलेला दिसला तर खूश होऊ नकोस, तो कशाला मारला ते विचार. मोठा स्क्रू ड्रायव्हर घे आणि त्याच्या मुठीने चॅसी ठोकत जा. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आला तिथे टोक दाबून बघ. स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा, पाट्यांचे हँगर, शॉकअपचे ब्रॅकेट, एवढ्या ठिकाणी केसासारखी चीर किंवा नंतर केलेलं वेल्डिंग दिसलं तर चहा पिऊन परत ये." चॅसी नंबरही तेव्हाच बघायचा. कोरलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे आणि त्याच्या आजूबाजूला घासल्याच्या खुणा नकोत.

शिऱ्या अलिबागचा. तो म्हणाला, आमच्याकडची गाडी असेल तर दुप्पट बघा. वाळूत नाचवतात, लाटांत घालून फोटो काढतात, वरून धुतात आणि खालचं मीठ तसंच. गंज आतून खात येतो, पत्र्यावर फुगा दिसेपर्यंत आतलं संपलेलं असतं.

पाण्याचा विषय निघाला तसा पक्या खुलला. मालकाने त्याला नदीतून गाडी काढतानाचा व्हिडिओ पाठवला होता, बॉनेटपर्यंत पाणी. पक्याला तो गाडीचा पराक्रम वाटत होता. मला त्यात वेगळंच दिसलं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढायचा. रिळात गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर पाणी तिथवर चढलेलं आहे. गालिचा कितीही धुतला तरी ती रेघ कुणी धूत नाही. सीटखालच्या बोल्टवरचा गंजही तेच सांगतो. आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या गोळ्यांचे) बोल्ट उघडून थोडं ऑइल बाहेर काढायचंच. दुधाच्या चहासारखं गढूळ आलं तर आत पाणी गेलंय, बेअरिंग आणि दात कधीपासून त्यात फिरतायत कुणास ठाऊक. त्यांचं तापलेलं हाउसिंग (बाहेरचं कवच) थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची नळी) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. मालक म्हणेल नुकतंच ऑइल बदललंय. बिल मागा.

"फोर व्हील मी बघितलंय," पक्या म्हणाला. "दांडी पडली, दिवा लागला."

"कुठे?"

"सोसायटीसमोर, रस्त्यावर."

दिवा लागला म्हणजे पुढच्या चाकांना ताकद गेली असं नसतं. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही, दोन्ही एकाच वेगाने फिरतात. कोरड्या डांबरावर वळवलं की सगळं आवळून बसतं. म्हणून तपासणी मातीत करायची. ढिल्या मातीच्या चढावर एकाला बाहेर उभं करायचं आणि पुढची चाकं माती उडवतात का ते त्याने बघायचं. मग लो (फोर व्हीलचा कमी वेग, जास्त जोर देणारा टप्पा) टाकून, पहिल्या गिअरमध्ये, क्लच-ब्रेकला पाय न लावता उतार उतरायचा. उतारावर दांडी उडून न्यूट्रलला आली तर ट्रान्सफर केस उघडावा लागणार. मालक लॉकर (एक चाक घसरलं तर दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) आहे म्हणत असेल तर तेही विचारून घ्या. थारला मागचा मेकॅनिकल लॉकर कंपनीने २०१५ पासून दिला. २०१४ च्या गाडीत तो असेल तर कुणी आणि कुठे बसवला हे कळलंच पाहिजे.

विन्याने मग पवित्रा बदलला, "एवढं असेल तर जिप्सी घे." जिप्सी मलाही आवडते. १९८५ पासून २०१९ पर्यंत बनली, हलकी आहे, तिची मशिनरी साधी. पण तिची दुखणी ठरलेली. पुढच्या चाकांमागे गोल नकल (चाक वळतं ते सांधे) असतात, तिथून ग्रीस-ऑइल बाहेर आलेलं असेल तर सील गेलेत. विशिष्ट वेगाला स्टिअरिंग थडथडत असेल तर किंगपिनचं (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं) नाहीतर चाकाचं बेअरिंग बघावं लागतं. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा टांगलेला, त्याचे रबर बसले की क्लच सोडताना धक्का लागतो. लष्कराच्या लिलावातली असेल तर लिलावाची मूळ कागदपत्रं आणि आरटीओची नोंद दोन्ही हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कागदांवर सुम्या बोलला, तो वकिली करतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ नमुन्यात बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध निकाल दिलाय आणि पुढच्या लोखंडी बंपरवर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. म्हणजे पक्या ज्या सामानाचे दीड-दोन लाख मोजणार, तेच पासिंगला आणि विम्याच्या क्लेमला नडणार. २०१४ ची गाडी २०२९ ला फेरनोंदणीला जाईल, तेव्हा ते उतरवावं लागलं तर मूळ बंपर कुठून आणणार? कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०. दिल्लीकडची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१५ मध्ये निर्बंध आणले. पण तिला फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि इथला टॅक्स भरावा लागतो. तो धरून भाव करा.

विन्या शेवटपर्यंत मानला नाही. चॅसी सरळ असेल आणि मालक सामान फुकट धरून किंमत लावत असेल तर घ्यायला हरकत नाही, हे त्याचं म्हणणं. यातल्या दुसऱ्या अटीवर माझं त्याचं एकमत आहे.

इंजिनाबद्दल एवढ्या वेळात कुणी बोललंच नव्हतं. पक्याने मालकाला तिथूनच फोन लावला, शनिवारी सकाळी येतो, रॅम्पवर घेऊ, ऑइल काढून बघू. मालक हो म्हणाला. अप्पांनी पक्याला सांगितलं, "गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर स्टार्ट करूच नकोस, दोन तास थांब. थंड डिझेल इंजिन कसं उठतं, किती धूर टाकतं ते बघायचंय. मग ऑइलचं झाकण उघड, भकाभक धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मी येतो बरोबर."