ईटीआरएन दिल्याने दुसऱ्याची मेल हाती लागत नाही

‘मेल सर्व्हरला ईटीआरएन कमांडसोबत कुणाचंही डोमेन द्या, त्याची रांगेतली मेल तुमच्याकडे येईल,’ असं सांगितलं जातंय. हे चूक आहे. तो धोका आरएफसी ८२१ (ईमेल पाठवण्याचे नियम सांगणारा १९८२ चा दस्तऐवज) मधल्या टर्न या जुन्या कमांडचा. तिथे त्याच कनेक्शनवर पाठवणारा आणि घेणारा यांच्या भूमिका उलटायच्या आणि मागणारा खरा कोण, हे कुणी तपासत नसे! म्हणूनच १९९६ मध्ये आरएफसी १९८५ ने ईटीआरएन आणली. ती सर्व्हरला फक्त त्या डोमेनसाठी रांगेत थांबलेली मेल पाठवायला सुरुवात करायला सांगते. मेल पाठवायला सर्व्हर नवं कनेक्शन उघडतो, डीएनएसमध्ये (डोमेनचे पत्ते सांगणारी यंत्रणा) त्या डोमेनचा जो पत्ता असेल तिथेच. आणि २५० हे उत्तर आलं म्हणजे विनंती स्वीकारली, मेल पोचली असं नव्हे. तुमच्या सर्व्हरचा आयपी पत्ता सतत बदलत असेल तर एटीआरएन ही कमांड वापरा. त्यात मेल त्याच कनेक्शनवर येते, पण आधी ओळख पटवावी लागते.