धाब्यावर खारी कोणी टाकायची?

"समोरना वाडाले नोटीस लागनी," नाना फोनवर म्हणाले. मे महिना संपत आला होता. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नगरपरिषदेचा माणूस आमच्या पेठेतून फिरतो आणि जुन्या घरांच्या दारांवर कागद चिकटवून जातो. इमारत धोकादायक आहे, दुरुस्त करा किंवा उतरवून घ्या, जीवितहानी झाली तर जबाबदारी तुमची. समोरचा वाडा म्हणजे ज्याच्या ओट्यावर आम्ही उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या तो. दोन मजले, सागवानी खांब, सज्ज्याखाली कोरलेले पोपट आणि केळफुलं. आता वरच्या मजल्याचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, एका कोपऱ्यात खचलंय.

गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. धुळ्याजवळ काय, जळगावजवळ काय किंवा पार नंदुरबारकडे काय, खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जुन्या पेठेत उभं राहिलं तर हेच दिसतं.

मागच्या दिवाळीत गावी होतो तेव्हा पारावर याच विषयावर वाद पेटला होता. गावातल्या चार-पाच तरुण मंडळींचं म्हणणं होतं की नगरपरिषदेनं अंदाजपत्रकात दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढावी आणि जुनी घरं, वेस, पायऱ्यांची बारव यांच्या दुरुस्तीला अनुदान द्यावं. मालकानं निम्मे घालावेत, निम्मे नगरपरिषदेनं. त्यावर एकानं लगेच विचारलं, नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, गटारी उघड्या आहेत, आणि तुम्हाला सावकारांचे वाडे रंगवायचेत? नाना आयुष्यभर त्याच पेठेत राहिलेले. ते एवढंच म्हणाले, "पैसा कोन दी?"

मी बारा वर्षांपासून इंग्लंडात डर्बीला राहतो. त्या पारावर मी फार बोललो नाही. पाण्याची हंडाभर किंमत मोजणाऱ्या माणसासमोर बाहेर राहणाऱ्यानं वारशाच्या गोष्टी सांगणं मला जड गेलं. पण तो पाण्याचा प्रश्न विचारणारा आणि ती तरुण मंडळी, दोघांच्याही म्हणण्यातून काहीतरी सुटतंय असं तेव्हाही वाटलं होतं, आणि नानांचा फोन आल्यावर ते लिहून काढावंसं वाटलं.

डर्बीपासून वीसेक किलोमीटरवर वर्क्सवर्थ नावाचं गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. बाजारपेठेच्या अगदी पाठीशी चुनखडीची प्रचंड खाण. १९७० च्या दशकात तिथली अवस्था वाईट होती. घरांवर खाणीची धूळ, दुकानं बंद, डोंगरउताराच्या ग्रीनहिल नावाच्या गल्लीत जुनी दगडी घरं छप्पर उडालेली. लोक गाव सोडून चालले होते. १९७८ मध्ये सिव्हिक ट्रस्ट या संस्थेनं तिथं काम सुरू केलं. एका धर्मादाय न्यासाचा पैसा होता, स्थानिक कौन्सिलांची साथ होती, आणि मुख्य म्हणजे गावात एक जाणकार माणूस नेमला, ज्याच्याकडे कोणीही जाऊन विचारू शकत होतं. डर्बीशायरच्या ऐतिहासिक इमारतींसाठी काम करणाऱ्या ट्रस्टनं ग्रीनहिलमधली पडकी घरं विकत घेतली, दुरुस्त केली आणि राहायला विकली. आलेल्या पैशातून पुढचं घर. पाच वर्षांत, १९८३ साली, त्या गावाला युरोपा नोस्ट्रा या वारसा जपणाऱ्या युरोपीय संस्थेचा पुरस्कार मिळाला.

मी तिथं अनेकदा गेलोय. पुरस्काराची पाटी बघायला नव्हे, ग्रीनहिलवरच्या त्या घरांत आज पडदे लावलेत, दाराशी मुलांच्या सायकली आहेत, ते बघायला. वाड्याचं संग्रहालय करायची गरज नसते. त्यात कोणीतरी राहायला हवं.

इंग्लंडात स्थानिक कौन्सिलांना जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी अनुदान किंवा कर्ज द्यायचा अधिकार १९६२ च्या कायद्यानं मिळाला. आज ती तरतूद १९९० च्या कायद्यात आहे. मी ती बारकाईनं वाचली, कारण "सावकाराचे वाडे" हा आक्षेप मला टाळायचा नव्हता. अनुदान घेतल्यावर मालकानं तीन वर्षांच्या आत घर विकलं तर कौन्सिल पैसे परत मागू शकते. लोकांना इमारत आतून पाहू देण्याची अटही घालता येते. पैसे सहसा काम झाल्यावर, बिलं आणि काम तपासून मिळतात, आणि मंजुरीच्या आधी काम सुरू केलं तर बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाही. यात मालकावर उपकार नाही. घराचा आतला भाग त्याचा, पण रस्त्यावरून दिसणारी बाजू गावाची, आणि गाव तिच्यापुरता खर्च उचलतं, असा तो सौदा आहे.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि नोटिशीच्या संदर्भात मला ती सगळ्यात मोलाची वाटते. वारसा म्हणून सरकारी सूचीत असलेली इमारत रिकामी पडली असेल आणि ढासळत असेल, तर कौन्सिल मालकाला नोटीस देऊन तातडीचं काम स्वतः करू शकते. छपरावर ताडपत्री, भिंतीला टेकू, पाणी बाहेर काढायची सोय, आणि झालेला खर्च मालकाकडून वसूल. नोटीस तिथंही निघते. पण आमच्या पेठेत निघणाऱ्या नोटिशीचा शेवट बहुधा जेसीबीत होतो, तिथं आधी ताडपत्रीची पायरी असते.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. केंद्राचा १९५८ चा, राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं मंदिर, थाळनेरच्या फारुकी सुलतानांच्या कबरी अशा वास्तूंची काळजी पुरातत्त्व खात्यानं घ्यायची असते. जिल्हा वार्षिक योजनेतून किल्ले आणि संरक्षित स्मारकांसाठी तीन टक्के निधी राखायची तरतूदही राज्यानं केली आहे. पण हे सगळं संरक्षित स्मारकांपुरतं. समोरचा वाडा स्मारक नाही. तो कुणाचं तरी घर आहे. आमच्यासारख्या गावांत सरकारच्या कागदात जुन्या वास्तूला प्रत्यक्षात दोनच खण आहेत, एक "संरक्षित स्मारक" आणि दुसरा "धोकादायक इमारत". मधला खण रिकामा आहे, आणि खानदेशातली ९० टक्के जुनी पेठ, माझ्या डोळ्यांच्या हिशेबानं, त्या रिकाम्या खणात उभी आहे.

मुंबईनं १९९५ साली वारसा इमारतींची नियमावली आणि श्रेणी केल्या. मोठ्या शहरांत मालकाला भरपाई म्हणून बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकता येतात. तालुक्याच्या गावी त्या हक्कांना गिऱ्हाईक कोण? जिथं जमिनीला सोन्याचा भाव नाही तिथं ती युक्ती चालत नाही. तिथं रोख, छोटी, वेळेवर मिळणारी मदतच हवी.

आणि नगरपरिषदेला अधिकारच नाही, असंही म्हणता येत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे द्यायचे १८ विषय आहेत. त्यात सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं हा एक आहे. तो आजवर चौकातल्या कारंज्यांवर आणि प्रवेशद्वारांच्या कमानींवर खर्च झालाय.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण पैशापेक्षा जाणकार माणूस आधी का हवा हे मला तिच्यातून कळलं.

आमचं घर धाब्याचं. पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाड भिंती, सागाच्या तुळया, वर लाकडं आणि मातीचा थर, आणि सगळ्यात वर खारी माती. ही खारी पाणी झिरपू देत नाही, पण दर वर्षी-दोन वर्षांनी मृगाच्या आधी नवी टाकावी लागते. बाहेर पंचेचाळीस अंश तापलेलं असताना आत माठाशेजारी बसल्यासारखं वाटायचं. वडील गेल्यावर मी इथून पैसे पाठवले आणि मागच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. पक्कं काम, असं मला वाटलं. तिसऱ्या पावसाळ्यात ती भिंत पोटातून फुगली आणि अंगणात कोसळली. माणूस दगावलं नाही हे नशीब. मातीच्या भिंतीत ओल येते आणि जाते. तिला श्वास लागतो. सिमेंटनं मी तो बंद केला होता.

हे मला गावात कोणी सांगितलं नाही, कारण सांगणाराच उरला नव्हता. कळलं ते डर्बीत. आमच्या भाड्याच्या जुन्या घराच्या विटांचे पापुद्रे निघत होते. घरमालकानं कौन्सिलच्या जतन अधिकाऱ्याला विचारलं. ती बाई आली, बोटानं सांधा खरवडून म्हणाली, आधीच्या कोणीतरी इथं सिमेंट भरलंय, ते काढा आणि चुना भरा. सल्ल्याचा एक पैसा लागला नाही. मी तिथं उभा होतो आणि मला आमची मागची भिंत दिसत होती.

म्हणून गावातल्या तरुण मंडळींना माझं सांगणं आहे की अनुदानाच्या आकड्यावर भांडू नका, आधी माणूस मागा. दोन-तीन नगरपरिषदांनी मिळून एक जाणकार नेमला तरी चालेल. त्यानं उन्हाळ्यात पेठ फिरावी, कुठल्या घराला फक्त खारी हवी, कुठल्या तुळईला टेकू हवा, कुठलं घर खरंच उतरवायला हवं, हे लिहून द्यावं. धोकादायक घर पाडावंच लागतं. पेठेतल्या अरुंद बोळात भिंत पडली तर ती कुणाच्या तरी लेकरावर पडते, आणि याबाबतीत मी नोटीस देणाऱ्याच्या बाजूनं आहे. पण जे घर बारा-पंधरा गोण्या खारीनं आणि चार लाकडांनी वाचतं, तेही त्याच कागदाखाली पडतं, याला माझा विरोध आहे.

पाण्याचा प्रश्न विचारणाऱ्यालाही मला उत्तर द्यायचंय. पाणी आधी, यात वाद नाही. अनुदान पाणीपट्टीतून किंवा पाणीयोजनेतून एक रुपयाही घेऊन देऊ नये. पण पहिला पैसा खासगी वाड्यावर न घालता वेशीवर आणि बारवेवर घालावा. बारव ही वारसावास्तू आहे आणि पाण्याची जागाही. गाळ काढून पायऱ्या नीट केल्या तर तिच्यावर कुणाचा एकट्याचा हक्क राहत नाही, ना सावकाराचा, ना पेठेचा. विणकरांची घरं, दर्गा, जुनी शाळा, वाचनालय यांची नावं यादीत वाड्यांच्या आधी आली तर पारावरचा सूरच बदलेल असं मला वाटतं.

भाऊबंदकी मात्र मोठा अडसर आहे. मालमत्ता पत्रकावर आजोबांचं नाव, वारस सतरा, त्यातले चार सुरत-नाशिकला, एक माझ्यासारखा साता समुद्रापार. सही कोण करणार? इथं आमच्यासारख्या बाहेर गेलेल्यांची जबाबदारी येते. आम्ही वाटणीसाठी घर अडवून धरतो आणि दिवाळीला त्याचे फोटो काढतो. निदान दुरुस्तीपुरतं संमतिपत्र करून गावातल्या भावाच्या हाती द्यायला कुणीच अडवत नाही. टक्केवारीची भीतीही खरी आहे. म्हणूनच रक्कम छोटी असावी, काम झाल्यावर मिळावी, आणि कामाआधीचा व नंतरचा फोटो नगरपरिषदेच्या फलकावर लागावा.

इंग्लंडात सगळं आलबेल आहे असंही समजू नका. २०१० नंतर कौन्सिलांचे पैसे सरकारनं आवळत नेले. जतन अधिकाऱ्यांची संख्या २००६ नंतरच्या बारा वर्षांत साधारण एक तृतीयांशानं घटली. डर्बीच्या शेजारच्या नॉटिंगहॅमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये अंदाजपत्रक जुळत नसल्याचं जाहीर केलं. अनेक ठिकाणी अनुदानाचा अर्ज मागितला तर योजना बंद आहे असं उत्तर येतं, आणि पैशासाठी राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीकडे जावं लागतं. इथंही म्हातारी माणसं विचारतात, वृद्धांच्या सेवेला पैसा नाही आणि जुन्या दुकानाच्या पाटीला आहे? पारावरचाच प्रश्न, फक्त दुसऱ्या भाषेत. मला तो दोन्हीकडे न्याय्य वाटतो.

वर्क्सवर्थच्या वाटेवरून थोडं पुढं क्रॉमफर्ड लागतं. १७७१ साली आर्कराइटनं तिथं पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली. आज ती जागतिक वारशात आहे. तिच्या दारात उभं राहिलं की मला आमची पेठ आठवते. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५ दरम्यान, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं, तेव्हा खानदेशच्या कापसाला भाव आला. आमच्या पेठेतले किती खांब त्या पैशाचे आहेत, हे घरातले म्हातारे सांगायचे. गिरणी इथं जपली गेली, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस पुरवणारी पेठ तिकडे नोटिशीखाली आहे. हे मनाला लागतं.

नानांना मी परवा परत फोन केला. समोरच्या वाड्याच्या सुरतच्या मालकाशी बोलणं झालंय. वाडा उतरवणार नाही, पण तो पैसेही फार घालणार नाही. निम्मे मी देतो म्हटलं. खचलेल्या कोपऱ्याला टेकू आणि बाकी धाब्यावर नवी खारी, एवढंच या वर्षी. खारी टाकायचं नीट माहीत असलेला एकच माणूस पेठेत उरलाय, सत्तरीचा. तो म्हणतो, येतो, पण शिडीवर मला एकट्याला जमणार नाही, दोन पोरं द्या, शिकवतो. मृगाला आठ दिवस आहेत. नाना पोरं शोधतायत.