अडला हरी आणि ब्रेमेनचं गाढव

मंगळवारी आम्ही पाचशे रुपयांच्या स्टँप पेपरवर लिहून दिलं, की माझी बायको आणि सौ. माझी बायको या दोन वेगवेगळ्या बाया नाहीत.

त्याचं असं झालं. पंधरा वर्षांपूर्वी लेकीच्या जन्मदाखल्यावर कोण्या कारकुनाने आईच्या नावाआधी आदराने 'सौ.' लिहिलं. पुढे इंग्रजी करताना दुसऱ्या कोणीतरी तितक्याच आदराने त्याचं एस-ए-यू केलं. टिंब वाटेत कुठेतरी गळालं आणि 'साऊ' हे बायकोचं पहिलं नाव होऊन लेकीच्या पासपोर्टच्या मागच्या पानावर जाऊन बसलं. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. पण लेक शाळेत जर्मन शिकते. परवा वरणभात कालवता कालवता ती म्हणाली, "आई, जर्मन लोक याला 'झाऊ' म्हणतील. झाऊ म्हणजे डुकरीण."

बायको हसली नाही. मी हसलो, ते मला महागात पडलं.

लेकीची शाळा नववी-दहावीच्या बावीस मुलांना घेऊन मे महिन्यात जर्मनीतल्या ब्रेमेनला चालली आहे. सांस्कृतिक देवाणघेवाण. ब्रेमेन आपल्याला परकं नाही, पुण्यात औंधात चक्क ब्रेमेन चौक आहे. तिथल्या सिग्नलला मी आयुष्याचे एकूण तीन-चार दिवस तरी काढले असतील, पण त्या अनुभवावर व्हिसा मिळत नाही. त्यासाठी लागतं आई आणि वडील दोघांचं संमतिपत्र, नोटरी केलेलं. आणि बायकोच्या हट्टापायी त्याच्या जोडीला ते 'वन अँड सेम', म्हणजे ती व्यक्ती आणि ही व्यक्ती एकच आहे, याचं प्रतिज्ञापत्र.

कोर्टाच्या भिंतीलगत पत्र्याच्या शेडमध्ये एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन बसतात. लॅपटॉपला वेगळा की-बोर्ड जोडलेला, त्यावरची सगळी अक्षरं झिजून गेलेली, फक्त क्यू आणि झेड कोरे करकरीत. शेजारी अर्धा कटिंग, त्यावर माशी बसू नये म्हणून झाकायला कुणाचा तरी पासपोर्ट साइज फोटो.

"कशाचं करायचं?"

"संमतिपत्र. मुलगी शाळेबरोबर जर्मनीला चाललीय."

"कायमची?"

"तीन आठवडे."

"परत येणार ना?"

"येणार."

"मग संमती कशाला? गेली, आली."

कागदपत्रांच्या बाबतीत इतकं शहाणपणाचं वाक्य मी आजवर ऐकलं नव्हतं. मला वाटलं, माणूस भला भेटला. हीच चूक झाली.

"फॉरमॅट आहे आपल्याकडे," ते म्हणाले. "नावं बदलली की झालं." त्यांनी 'जुनं काम' नावाचं फोल्डर उघडलं, एक फाइल काढली आणि दोन बोटांनी धडाधड नावं घालायला सुरुवात केली. मग चष्मा कपाळावर चढवून मोठ्याने वाचायला लागले. शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आय स्टेट ऑन सोलेम ॲफर्मेशन दॅट द सेड डॉटर, मॉडेल २०१०, इज इन गुड रनिंग कंडिशन..."

"थांबा, थांबा. मॉडेल काय?"

"जन्मसाल हो. ...अँड इज फ्री फ्रॉम ऑल लोन्स अँड एन्कम्ब्रन्सेस. अँड आय हॅव धिस डे हँडेड ओव्हर द सेम टू द सेड टीचर विथ ओरिजिनल पेपर्स अँड बोथ कीज."

"अहो, हे बाईक विकल्याचं आहे!"

त्यांनी माझ्याकडे अतिशय शांतपणे पाहिलं. "साहेब, फॉरमॅट बाईकचा आहे. मजकूर मुलीचा."

पलीकडच्या बाकावर वारसदाखल्याचं काम घेऊन आलेलं एक अख्खं कुटुंब होतं, सुतकातलं. तेसुद्धा हसलं.

मी म्हटलं, किल्ल्या काढा. त्यांनी काढल्या. लोन काढा. तेही काढलं, पण नाराजीने. बोजा नाही हे लिहिलेलं कधीही बरं, असं त्यांचं मत पडलं. पुढचं कलम होतं, की ताबा दिल्यानंतर होणारे अपघात, दंड आणि पोलीस केसेस यांची सर्व जबाबदारी ताबा घेणाऱ्याची राहील. मी ते खोडायला सांगणार, तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेली बायको म्हणाली, "ते राहू द्या."

"इन्शुरन्स आहे?"

"आहे. तीस हजार युरोंचा. त्याशिवाय व्हिसाच देत नाहीत."

"फुल का थर्ड पार्टी?"

आणि मी, एम.कॉम. झालेला माणूस, म्हणालो, "फुल."

मग 'सौ'चा विषय निघाला. त्यांनी दाखला पाहिला, बायकोचं आधार पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"सौ काढायचंय? डिक्री आणलीय का?"

"कसली डिक्री?"

"घटस्फोटाची."

"अहो, घटस्फोट कुठे झालाय? मी शेजारीच बसलोय ना तिच्या!"

"शेजारी बसूनच होतात इथे, साहेब."

बायकोने या वाक्यावर जरा जास्तच मान डोलावली, असं माझं मत आहे. आता हे 'झाऊ' प्रकरण त्यांना समजावणं भाग होतं. भर दुपारी, कोर्टाच्या आवारात, परक्या माणसाला आपल्या बायकोच्या देखत 'या शब्दाचा अर्थ डुकरीण होतो' हे सभ्य शब्दांत सांगून पाहा. मी आवाज इतका खाली आणला, की त्यांनी कानामागे हात धरून विचारलं, "काय होतं म्हणालात?" शेवटी बायकोनेच सांगितलं, खणखणीत. सुतकातलं कुटुंब दुसऱ्यांदा हसलं.

दोन कागद, दोन स्टँप पेपर, हजार रुपये. हे दोनशेत व्हायचं हो पूर्वी. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा स्टँप पेपर गेला आणि पाचशेचा आला. वर टायपिंग, वर नोटरी, वर "चहापाण्याचं तुमच्या मनाने". माझं मन त्या दिवशी फार मोठं नव्हतं.

नोटरीसाहेब आत एका केसमध्ये अडकले होते. आम्ही पाऊण तास बाकावर. रिकामपणी माणूस हिशोब करतो. देवाणघेवाण म्हणतात ना हिला? नोव्हेंबरात तिकडचा एक मुलगा आमच्याकडे दहा दिवस राहून गेला. गुणी पोरगं. साबुदाण्याची खिचडी तीनदा मागून घ्यायचं, माझ्या आईच्या खोलीत झोपायचं. आई हॉलमध्ये दिवाणावर. त्याचा भारताचा व्हिसा घरबसल्या कॉम्प्युटरवर आला होता. इकडून जायचं तर पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा फोटो, त्यात दात दिसायचे नाहीत, दहाही बोटांचे ठसे, आईबापाचे बँकेचे उतारे. शाळकरी मुलांना व्हिसाची फी माफ असते, पण अर्ज गोळा करणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क माफ नसतं. पोर जर्मनीत नेमकं काय बघणार ते कुणी विचारत नाही. ती परत येईल ना, एवढंच सतरा बाजूंनी तपासतात. तो टायपिस्ट तरी एकदाच विचारून मोकळा झाला होता.

आणि खर्च दोन लाख चाळीस हजार. आमचे झाले कसेबसे, एफडी मोडून. लेकीला डेअर-डी-दास, म्हणजे जर्मन नामांची लिंगं, घोकून घेणारी तिची मैत्रीण मात्र जात नाहीये. वर्गात जर्मन सगळ्यात चांगलं तिचं. नोव्हेंबरात आलेल्या त्या मुलाशी आम्ही खाणाखुणांनी बोलायचो, ती खरीखुरी गप्पा मारायची. पालकसभेत तिच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता, हप्ते करता येतील का. बाईंनी "बघू" म्हटलं, आणि पुढच्या सभेला ते आलेच नाहीत. मी त्या सभेत मोज्यांचे किती जोड द्यायचे, हे विचारत होतो.

असो. बायकोने वेळ घालवायला शाळेने दिलेला कार्यक्रम वाचायला काढला. दुसऱ्या दिवशी ब्रेमेनच्या टाउन हॉलपाशी एक पुतळा दाखवणार आहेत. गाढव, त्यावर कुत्रा, त्यावर मांजर, सगळ्यांत वर कोंबडा. ब्राँझचा, १९५३ सालचा. गोष्ट जुनी आहे : मालकांना नकोशी झालेली ही चार जनावरं ब्रेमेनला जाऊन वाजंत्री व्हायचं म्हणून निघतात, वाटेत चोरांच्या घरात मुक्काम करतात, आणि तिथेच राहतात. ब्रेमेनला पोचतच नाहीत. पुतळा मात्र ब्रेमेनला. त्या गाढवाचे पुढचे दोन्ही पाय दोन्ही हातांनी धरले, की मनातली इच्छा पुरी होते म्हणे. लोकांनी धरून धरून ते पाय पिवळेधमक केले आहेत. एकाच हाताने एकच पाय धरला, तर तिथले लोक म्हणतात, बघा, गाढवाला गाढव भेटलं.

म्हणजे अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे जर्मनांनी ब्राँझमध्ये ओतून चौकात उभं करून ठेवलंय. त्यांची म्हण तिथे आहे आणि हरी इथे, पत्र्याच्या शेडखाली.

नोटरीसाहेब आले. त्यांनी कागद वाचला नाही. आमच्याकडे पाहिलंही नाही. रजिस्टर पुढे सरकवलं, "इथे, इथे आणि इथे", तिकीट चिकटवलं, लाल गोल सील लावलं, शिक्का मारला. अकरा सेकंद. बायकोचं आणि सौ. बायकोचं अद्वैत सिद्ध झालं.

घरी येऊन लेकीने कागद वाचला आणि पलंगावर आडवी पडून हसायला लागली. दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, एक 'द सेड व्हेईकल' तसंच राहिलं होतं. पुन्हा पाचशे, पुन्हा तो बाक, पुन्हा ती शेड. माझ्याने होईना. शुक्रवारी तसाच कागद घेऊन व्हिसाच्या केंद्रावर गेलो. खिडकीतल्या मुलीने तो चाळलासुद्धा नाही. यादीत बरोबरची खूण केली आणि गठ्ठ्यात खाली सरकवला.

परतताना रिक्षात मी लेकीला म्हटलं, तिकडे कुणी नीट वाचलं तर काय सांगायचं?

"काही नाही हो बाबा," ती म्हणाली. "जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी. दास मेडशेन. गाडीपण नपुंसकलिंगी, दास फारत्सॉइग. व्याकरणात बसतंय."

"आणि डुकरीण?"

"डी झाऊ. स्त्रीलिंगी."

बायको रिक्षातून बाहेर बघत होती. ब्रेमेन चौकाचा सिग्नल लागला होता.