नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो? नाही हो

व्हॉट्सअ‍ॅपवर परत तो मेसेज फिरतोय की नागिणीचा, म्हणजे अंगावर पट्ट्यासारख्या उठणाऱ्या पुरळाचा, विळखा पूर्ण झाला, तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो, म्हणून औषधं न घेता मंत्र घाला, गेरू लावा. प्लीज पुढे पाठवू नका. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच व्हायरस, तो मणक्याजवळ नसांच्या मुळाशी पडून राहतो आणि वय झालं किंवा प्रतिकारशक्ती कमी पडली की एखाद्या नसेवाटे वर येतो. ती नस अंगाच्या एकाच बाजूला जाते म्हणून पुरळ पट्ट्यासारखं उठतं आणि बहुतेक वेळा मधल्या रेषेशीच थांबतं, विळखा कुठला पूर्ण होणार! माझ्या मावशीला आधी 3 दिवस बरगडीखाली नुसती आग होत होती, ब्लाउजची कड लागली तरी कळवळायची, आम्हाला वाटलं अ‍ॅसिडिटी, मग पाण्याचे फोड आले आणि शेजारच्यांनी गेरू थापला, त्यात 4 दिवस गेले. व्हायरसविरोधी (अँटिव्हायरल) गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो. तिचे फोड सुकले पण ठणका 6 महिने झाले तरी आहेच. आणि फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, नजर जाऊ शकते.