पन्नास मीटरची दूरदृष्टी

पन्नास मीटरवर लावलेल्या कागदाला भोक पाडण्यासाठी तो कागद डोळ्याला किती पट मोठा दिसायला हवा, या प्रश्नावर बेळगावात जितकी डोकी तितकी मते आहेत. सीमाप्रश्नावर आम्हा मराठी माणसांचे निदान एकमत तरी आहे. दुर्बिणीच्या बाबतीत तेही नाही. माझ्याकडे वडिलांच्या पश्चात रीतसर माझ्या परवान्यावर चढलेली, इशापूरच्या कारखान्यात घडलेली पॉइंट टू टू बोअरची बोल्ट रायफल आहे. तिने रानडुक्कर किंवा मोर मारावा अशी माझी इच्छा नाही, आणि असती तरी कायद्याने ती पुरी होऊ दिली नसती. रविवारी रेंजवर जावे, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवावी, कागदावर गोळ्या माराव्यात आणि घरी येऊन जेवावे, एवढीच तिची व माझी महत्त्वाकांक्षा आहे. या महत्त्वाकांक्षेला साजेशी, कमी ताकदीची, पट कमीजास्त करता येणारी एक साधी दुर्बीण बसवावी असे मी चारचौघांत बोलून गेलो, आणि तेव्हापासून लग्नाच्या मुलीला स्थळ पाहावे तसे सगळे गणगोत त्या दुर्बिणीच्या मागे लागले.

पहिला विरोध अर्थातच दाजींचा. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला रायफलीविषयी काही विचारायचे नसते, फक्त ऐकायचे असते, हे मी अक्काच्या लग्नापासून जाणून आहे. “आम्ही उघड्या साइटवर तीनशे मीटर मारत होतो, कुणाचं काही अडलं नाही की,” असे म्हणून त्यांनी विषय संपवला आणि मग अर्धा तास चालवला. त्यांचे ब्रह्मास्त्र होते स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या पोराने २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. तेजस्विनी सावंत तर २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनची, म्हणजे पालथे पडून मारण्याची, विश्वविजेती झाली. “दोघंही आपल्या कोल्हापूरकडची. त्यांच्या रायफलीला दुर्बीण होती काय?” नव्हती, हे खरेच आहे. त्या स्पर्धांत दुर्बीण चालतच नाही. मागच्या चकतीतल्या बारीक भोकातून पुढचे कडे पाहायचे आणि त्या कड्यात काळा ठिपका नेमका मधोमध बसवायचा.

मी नम्रपणे एवढेच निदर्शनास आणून दिले की पॅरिसला स्वप्नीलचे वय अठ्ठावीस होते. उघड्या साइटची मागची खाच, पुढची माशी आणि लांबचा कागद ही तीन ठिकाणे तीन अंतरांवर असतात. तरुण डोळा त्यांच्यात इतक्या चपळाईने ये-जा करतो की तिन्ही स्पष्ट आहेत असे वाटते, पण चाळिशी लागून बरीच वर्षे झालेला डोळा एकाची निवड करतो आणि उरलेल्या दोघांना धुक्यात सोडून देतो. दुर्बिणीचा खरा उपकार कागद मोठा दाखवण्यात नसून हा आहे की तिच्यातली फुली आणि कागद दोन्ही एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात. दाजींनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग चष्मा बदल की.”

दुसरे टोक म्हणजे बंगळुरूला नोकरी करणारा पुतण्या. त्याने रायफल कधी हातात धरलेली नाही. पण व्हिडिओ मात्र असे पाहिले आहेत की दाजींनाही ज्ञान द्यावे. “काका, घ्यायचीच तर सहा ते चोवीस पटीची, पन्नास मिलीमीटर काचेची घ्या, फर्स्ट फोकल प्लेनची, म्हणजे पट वाढली की फुलीही मोठी होते. हजार मीटरपर्यंत प्रश्नच नाही.” प्रश्न होता, आणि तो गोळीचा होता. पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचे. त्याची गोळी चाळीस ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमहून थोडी जड, आणि साध्या काडतुसात तिचा वेग आवाजाहून किंचित कमी. पन्नास मीटरवर रायफल झिरो केली, म्हणजे नेम आणि गोळी तिथे जुळवून घेतली, तर शंभर मीटरवर हीच गोळी अर्ध्या फुटाहून जास्त खाली बसते. हजार मीटरवर ती कुठे पोहोचेल हे पाहायला चोवीस पटीची दुर्बीण घेऊन एखाद्याने तिकडेच जाऊन बसावे लागेल.

तरीही पुतण्याचा मान राखून रेंजवरच्या एका भल्या गृहस्थांच्या तसल्या दुर्बिणीतून मी पाहिले. चोवीस पटीला कागद हाताच्या अंतरावर आला. पण त्याबरोबर माझे सगळे शरीरही आले. फुली ठिपक्यावर ठेवताच ती ठराविक तालात वर-खाली उडू लागली, आणि क्षणभराने ध्यानात आले की हा ताल माझ्याच नाडीचा आहे. श्वास रोखला तर फुली डावीकडे सरके, सोडला तर उजवीकडे. सकाळच्या दोन कप चहांचा हिशेबही त्या काचेत लिहिलेला दिसत होता. हात सहा पटीलाही तेवढाच हलतो, पण ते इतके ठळक दिसत नाही, त्यामुळे माणूस निमूटपणे चाप ओढतो. चोवीस पटीला तो फुली थांबण्याची वाट पाहत बसतो, आणि ती थांबत नाही. शिवाय पट वाढली की दृश्य आक्रसते. तीन पटीला शंभर यार्डांवर सुमारे तीस फूट रुंदीचा पट्टा दिसतो, नऊ पटीला तो बारा फुटांच्या आसपास येतो, आणि चोवीस पटीला शेजारच्याचा कागद की आपला, हे ओळखायला अंकाची पाटी शोधावी लागते. शेजाऱ्याच्या कागदावर उत्तम दहा मारणारे नेमबाज मी पाहिले आहेत. त्यांचे अभिनंदन कोणी करत नाही.

दुकानात या सगळ्याला तिसरेच वळण लागले. दुकानदार कानडीत सुरुवात करून मराठीत भाव सांगत होता आणि हिंदीत खात्री देत होता. त्याच्या मते जगात दुर्बीण एकच, तीन-नऊ-चाळीस, म्हणजे तीन ते नऊ पटीची, चाळीस मिलीमीटर काचेची; बाकी सगळ्या तिच्या गरीब बहिणी. मी पॅरलॅक्स किती अंतरावर बसवला आहे असे विचारताच त्याने दुर्बिणीचे खोके उलटेसुलटे करून पाहिले आणि वॉरंटी एक वर्षाची असल्याचे सांगितले. खरी ग्यानबाची मेख इथे आहे. मोठ्या बोअरच्या रायफलींसाठी बनलेल्या बहुतेक साध्या दुर्बिणींत फुली आणि लक्ष्य यांचा मेळ शंभर यार्डांवर घातलेला असतो. रिमफायरसाठी, म्हणजे पॉइंट टू टूसारख्या लहान काडतुसांसाठी बनवलेल्या दुर्बिणींत तो पन्नास-साठ यार्डांवर असतो, ल्युपोल्ड कंपनीच्या रिमफायर दुर्बिणींत साठ. शंभर यार्डांची दुर्बीण पन्नास मीटरवर वापरली आणि डोळा मधोमध नसला, तर फुली जिथे दिसते तिथे ती नसते. चाळीस मिलीमीटरच्या काचेला ही चूक हिशेबाने जास्तीत जास्त नऊ मिलीमीटरपर्यंत जाते, आणि पन्नास मीटरच्या आंतरराष्ट्रीय कागदावर दहाचे वर्तुळच मुळी १०.४ मिलीमीटरचे असते. म्हणजे रायफल, गोळी, श्वास सगळे निर्दोष असूनही मान थोडी वाकडी झाल्याबद्दल अख्खे दहा हातचे जाऊ शकतात.

मी काउंटरवर दोन खोक्यांच्या मध्ये दुर्बीण टेकवून समोरच्या रांगेतली एक पाटी पकडली. काच तपासण्याच्या बाबतीत आम्हा सीमाभागातल्या माणसांवर सरकारचे उपकारच आहेत. नावफलकाची साठ टक्के जागा कन्नडला देण्याचा कायदा झाल्यापासून आमचे मराठी उरलेल्या कोपऱ्यात इंग्रजीच्या कडेला अशा बारीक अक्षरांत बसते की परदेशात काचा तपासायला खास तक्ते छापतात, ते इथे भिंतीभिंतीवर फुकट मिळतात. फुली मी ‘साडी’ या शब्दातल्या वेलांटीवर ठेवली, दुर्बीण न हलवता डोके जरासे वर-खाली केले, तशी फुली वेलांटीवरून उतरून काना ओलांडून परत आली. दुसरी, रिमफायरची म्हणून काढलेली दुर्बीण तशीच टेकवली. तिची फुली वेलांटीला चिकटून राहिली. तोवर पाटीखालच्या दुकानाचे मालक बाहेर येऊन, त्यांच्या साडीवर कोण नेम धरतो आहे हे पाहत उभे राहिले होते.

काचेच्या आकाराचा वाद घरात सुटला. काचेचा व्यास भागिले पट एवढ्या जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. बत्तीसची काच सहा पटीला पाच मिलीमीटरहून अधिक देते, आणि माझ्या वयाच्या डोळ्याची बाहुली अंधारातसुद्धा त्याहून फारशी उघडत नाही. पुतण्याची पन्नासची काच चोवीस पटीला जेमतेम दोन मिलीमीटर देते, म्हणजे आषाढातल्या आमच्या आभाळाखाली ती काचेपेक्षा काळोखाच्याच जवळची. मोठ्या काचेला, दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा उंच लागतात, उंच रिंगांनी गाल दस्त्यावरून सुटतो, आणि गाल सुटला की वर सांगितलेली वाकडी मान आलीच. हे सगळे मी कागदावर मांडून दाखवत असताना सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “अहो, कितीची काच लावलीय ते त्या गोळीला कळणार आहे काय?” खरे तर तिथेच थांबायला हवे होते, पण दुर्बीण ठरली तरी ती बसवायची कशावर हा प्रश्न उरला होता.

रिंगा बसवण्याची रायफलीच्या पाठीवरची खाच अरुंद, रिमफायरची, आणि बाजारातल्या रिंगा रुंद रेलच्या. त्यातही रिमफायरच्या खाचा कुठे ११ मिलीमीटरच्या, कुठे ३/८ इंचाच्या, म्हणजे साडेनऊच्या. एकीची रिंग दुसरीवर चढवली तर गोळीगणिक सरकत राहते. बेळगावात अशा वेळी माणूस नियतीला बोल लावत नाही, उद्यमबागेत जातो. फाउंड्र्या आणि लेथ यांवर वाढलेल्या या गावात धातूची कोणतीही अडचण दुपारच्या जेवणाआधी सुटते असा आमचा समज आहे. तिथल्या एका वर्कशॉपच्या मालकाने रायफल नव्हे, तिच्या खाचेचे माप घेऊन गेलेला कागद पाहिला, हात पुसले, माप शंभरांश मिलीमीटरमध्ये हवे की मायक्रॉनमध्ये असे विचारले, आणि मग म्हणाला, “खरं किती लांब मारणार तुम्ही?” इतक्या सल्लागारांत हा प्रश्न त्याच्या आधी कोणालाही पडला नव्हता. पन्नास मीटर म्हटल्यावर तो म्हणाला, “मग मायक्रॉन र्‍हाऊ दे,” आणि तयार मिळतील त्या रिंगांचा पत्ता देऊन पुन्हा मशीनकडे वळला.

शेवटी दोन ते सात पटीची, बत्तीसच्या काचेची रिमफायर दुर्बीण आली. पावसाळी हवेत आतून धुके धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली नळी पाहून घेतली, कारण खानापूर-जांबोटीकडून येणारा पाऊस वॉरंटी वाचत नाही. नेम सरकवणाऱ्या बटणाच्या एका क्लिकला कोनाचे पाव मिनिट, म्हणजे पन्नास मीटरवर ३.६ मिलीमीटर; दहाच्या वर्तुळात तीन क्लिक मावत नाहीत, हे गणित तेवढे मी दाजींना पढवले. त्यांनी एक रविवार ती वापरून पाहिली, चार पटीवर लावून सगळ्या गोळ्या रुपयाएवढ्या जागेत मारल्या, आणि उघड्या साइटवर त्या अठन्नीत बसल्या असत्या असे सांगितले.

क्लिकच्या बटणांवर स्क्रूची टोपणे असलेलीच दुर्बीण हवी हा माझा हट्ट मात्र कोणाला पटला नव्हता. उघडी, मोठी, बोटाने फिरणारी बटणे दिसायला रुबाबदार असतात. पण निवडणूक जाहीर झाली की आमच्याकडची परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा होतात, आणि तिथल्या कोपऱ्यात बारा बोअरच्या बंदुकांना टेकून उभ्या राहिलेल्या रायफलीच्या उघड्या बटणाला कोणाचेही रिकामे बोट फिरवावेसे वाटू शकते. या निवडणुकीला रायफल टेबलावर ठेवली, तेव्हा हवालदारांनी परवाना तपासला, नंबर ताडून पाहिला, टोपणे वळवून बघितली, ती निघेनात तेव्हा माझ्याकडे कौतुकाने पाहिले आणि विचारले, “भारीच दिसतीय की. किती लांबचं दिसतंय ह्यातनं?”

मी म्हणालो, “पन्नास मीटर.”

त्यांनी पावतीवर शिक्का मारला, माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिले आणि हळहळून म्हणाले, “फसवलं की हो तुम्हाला.”