लॅपटॉपची बॅटरी दर आठवड्याला शून्यावर आणू नका

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक निरोप फिरतोय: लाखाच्या वरचा लॅपटॉप घेतलात तर दर आठवड्याला बॅटरी पार शून्यावर आणा, नाहीतर ती मरते आणि वॉरंटीही जाते. दोन्ही गोष्टी चूक.

शून्याचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन असते. तिला पूर्ण रिकामं करणं उलट त्रासाचंच. चार्जर सतत लावून ठेवला तर बॅटरी खराब होते, ही दुसरी धास्ती मात्र अगदीच खोटी नाही. सतत 100 टक्क्यांवर आणि गरम राहिली की बॅटरी लवकर थकते. आपल्याकडचा मे महिना, त्यात गादीवर ठेवलेलं मशीन, म्हणजे बघायलाच नको! म्हणून बऱ्याच लॅपटॉपांत 80 टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवायची सोय असते. ती चालू करा आणि विसरून जा.

वॉरंटीचं म्हणाल तर, वापराने क्षमता घटणं त्यात सहसा धरत नाहीत, बिघाड धरतात. बॅटरीची मुदत कधीकधी मशीनपेक्षा कमी असते, तेव्हा जेल रोडच्या दुकानांत पैसे मोजण्याआधी तेवढं विचारा. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे दिसतात. दुकानदाराशी वाद घालायला तेच कामाचे.

टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली असू शकते. चार्जर काढा, मशीन बंद करा, सर्व्हिस सेंटर गाठा. घरी स्क्रू ड्रायव्हर काढू नका.