जातीविरुद्धचं बंड अमेरिकेतून आलं म्हणणाऱ्यांनी आधी पुण्यातलं वाचा

एक मेसेज सारखा फॉरवर्ड होतोय, की मराठी साहित्यात जातीविरुद्धचं बंड 1972 नंतर आलं, तेही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या काळ्या लोकांच्या संघटनेची नक्कल करून, आणि ते साहित्य नाहीच, दुसऱ्यांना शिव्या घालणारं रडगाणं आहे.

आधी सालाचं बघू. 1855 मध्ये, म्हणजे मेसेजमधल्या सालाच्या शंभरहून जास्त वर्षं आधी, मुक्ता साळवे या आपल्या पुण्यातल्या, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मातंग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. ती लिहिते की पेशवाईत मांग-महार तालीमखान्यापुढून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळायचे. गुलटेकडी, जिथे आज आपण मार्केटयार्डला भाजी आणायला जातो! आणि ती नुसतं दुःख सांगून थांबत नाही हो, वेद जर फक्त ब्राह्मणांचे तर मग आमचा धर्म कुठला असं सरळ विचारते, आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं हेही लिहिते. एवढी धमक तेव्हाच्या किती शिकल्यासवरल्या मोठ्या माणसांत होती? मला तर हा निबंध प्रत्येक वेळी हलवून सोडतो.

त्याच्याही मागे जायचं तर चौदाव्या शतकात चोखोबा आहेत, सोयराबाई आहेत. 'देहासी विटाळ म्हणती सकळ' म्हणत सोयराबाई सोवळ्याच्या मुळालाच हात घालते, तिने कोणत्या अमेरिकेची नक्कल केली?

आता नक्कल. 1972 मध्ये इथे निघालेल्या दलित पँथर या संघटनेने नाव तिकडून घेतलं हे खरंय, कुणी लपवलेलंही नाही. पण 1873 च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका उघडा, जोतिरावांनी ते पुस्तक गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलंय, म्हणजे तिकडच्या लढ्याशी नातं आपल्या माणसांनी तेव्हाच उघडपणे जोडलं होतं. दुसऱ्याच्या लढ्यातून बळ घेणं म्हणजे नक्कल नव्हे. आणि बाबुराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 चा आहे, अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' कादंबरी 1959 ची, तेव्हा ब्लॅक पँथर पार्टी जन्मलीसुद्धा नव्हती, ती 1966 ची.

राहिलं रडगाणं. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन वाचलंय का मेसेज पाठवणाऱ्यांनी? त्यात त्या गावकीवर लिहितात तशाच आपल्याच घरातल्या सासुरवासावर, सुनांच्या छळावरही लिहितात, काही झाकत नाहीत. ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यातच छापून घेतली, त्यात तर पुरुषांच्या सगळ्या ढोंगाची झाडाझडती आहे. स्वतःच्या घराला, स्वतःच्या माणसांना प्रश्न विचारणाऱ्या या बायकांच्या लिखाणाला रडगाणं म्हणणाऱ्यांनी निदान एक पुस्तक तरी पूर्ण वाचावं आणि मग कोणत्या पानावर रडगाणं आहे ते दाखवावं.